बारमाही उन्हाळ्याच्या देशात जाताना बॅगेत काय भरावं?

रानवारा

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आम्ही चौघं परदेशी फिरायला निघालोय. मी, नवरा, सत्तरीच्या सासूबाई आणि सहा वर्षांची लेक. आधी समुद्रातलं एक बेट, मग एक मोठं शहर आणि शेवटी डोंगरावरचं एक गाव. सगळा भाग विषुववृत्ताजवळचा, म्हणजे बारमाही उन्हाळा आणि दमट हवा. नवऱ्याचं म्हणणं, गरम देशात सामान ते कितीसं लागणार, चार टीशर्ट आणि चार हाफ पँट कोंबल्या की झालं. माझी यादी मात्र वाढतच चाललीय आणि विमान कंपनीने केबिन बॅगेला सातच किलो दिलेत.

सासूबाईंना रक्तदाब आणि मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे. लेक एकदा पाण्यात गेली की बाहेर येत नाही. कपडे, औषधं, सनस्क्रीन, चार्जर, सुचेल ते सांगा. काय नेऊ नये तेही सांगा.

पाणकणीस

यादी करायच्या आधी एवढं बघा: तुमच्या एकाच सहलीत तीन निरनिराळ्या हवा आहेत. "गरम देश" हा एकच शब्द डोक्यात धरून बॅग भरली की नेमकं लागणारं घरी राहतं.

बेटावर दमट उकाडा. घाम येतो पण वाळत नाही. शहरात बाहेर तसाच उकाडा, पण मॉल, मेट्रो, लांबच्या बस यांमध्ये एसी इतका कडक असतो की घामेजलेल्या अंगाने आत शिरलं की पाच मिनिटांत हुडहुडी भरते. आणि डोंगराचं गणित तर अगदीच वेगळं. समुद्रसपाटीपासून दर हजार मीटरला तापमान साधारण सहा अंशांनी उतरतं. इक्वाडोरची राजधानी कीटो जवळजवळ विषुववृत्तावर आहे, पण उंची सुमारे २,८५० मीटर, त्यामुळे तिथे रात्री स्वेटर लागतो. हवाईमधल्या हालेआकाला शिखरावर (३,०५५ मीटर) सूर्योदय बघायला जाणारे काकडतात, कारण खालच्या किनाऱ्यावरच्या कपड्यांतच वर आलेले असतात.

तेव्हा तुमच्या डोंगरगावाची उंची आधी शोधा. दीड हजार मीटरच्या वर असेल तर प्रत्येकाला पूर्ण बाह्यांचं एक ऊबदार जाकीट आणि एक जोड मोजे हवेतच. सासूबाईंसाठी पातळ शाल हातातल्या पिशवीत ठेवा, विमानापासूनच उपयोगी पडेल.

कोरड्या वाळवंटी भागात जाणाऱ्यांसाठीही लिहून ठेवतो. तिथे दिवस भाजतो आणि रात्र गारठवते, शिवाय ओठ आणि नाक कोरडं पडतं. लिप बाम आणि डोळ्यांचे थेंब तिथे हवेत, दमट बेटावर त्यांची तेवढी गरज नाही.

कापूसकोंडा

कापडाबद्दल बोलतो, माझा कामाचाच विषय आहे.

"उन्हाळा म्हणजे सुती" हे कोरड्या उन्हाळ्यात शंभर टक्के खरं. सुती कापड घाम पितं, तो हळूहळू उडतो आणि अंग गार राहतं. दमट हवेत मात्र तो उडायला जागाच नसते. कापड घाम पिऊन जड होतं, अंगाला चिकटतं, बगलेत आणि मांड्यांमध्ये घासतं. रात्री धुवून टाकलं तर सकाळी ओलंच. जीन्स तर या हवेत नेऊच नका. जड असते, वाळायला दोन दिवस घेते आणि कमरेपाशी घामोळं उठवते.

दमट हवेला पातळ लिनन किंवा खेळाच्या कपड्यांचं पातळ पॉलिस्टर-नायलॉन बरं. सैल हवं. अंगाला बसणारे स्ट्रेचचे कपडे कितीही "ड्रायफिट" म्हणवले तरी आतून हवा खेळायला जागा लागतेच. आणि हो, पूर्ण बाह्यांचा सैल पातळ शर्ट बिनबाह्यांच्या टीशर्टपेक्षा उन्हात गार वाटतो, कारण ऊन थेट कातडीवर पडत नाही. डासांपासून वाचवतो ते वेगळंच.

किती जोड न्यायचे हे दिवसांवर ठरवू नका, वाळण्यावर ठरवा. कोणताही कपडा बॅगेत टाकायच्या आधी एक परीक्षा घ्या: संध्याकाळी धुवा, पिळा, घरातच पंख्याखाली टांगा. सकाळी अंगात घालण्याजोगा वाळला तर तो जाणार, नाही तर कपाटात परत. या परीक्षेत टिकलेले पाच वरचे आणि तीन खालचे कपडे कितीही लांबच्या सहलीला पुरतात. अंतर्वस्त्रं तेवढी सात-आठ घ्या.

हॉटेलात धुवायचं तर पिळून झाल्यावर कपडा कोरड्या टॉवेलवर पसरायचा, टॉवेलसकट घट्ट गुंडाळायचा आणि त्या गुंडाळीवर गुडघा टेकून दाब द्यायचा. टॉवेल जड होतो, कपडा निम्मा वाळलेला हातात येतो. मग दोरीवर नुसतं टांगायचं काम उरतं. दोरी आणि चार चिमटे मात्र आठवणीने न्या, बऱ्याच हॉटेलांत बाल्कनीला दोरी नसते.

मृगजळ

कापूसकोंडा, वाळण्याच्या मुद्द्याला +१. पण पॉलिस्टरला माझा विरोध आहे. एका दुपारीत वास मारायला लागतं, आणि ज्यांची कातडी नाजूक आहे त्यांना खाज सुटते. सत्तरीच्या बाईंना सवय नसलेलं कापड परदेशात पहिल्यांदा घालायला लावू नये. त्यांना पातळ मलमलीसारखं सुती चालेल, जाड सुती नको. दोन जोड जास्त न्या, पण त्यांना आराम मिळू द्या.

कापूसकोंडा

मृगजळ, मान्य. वयस्कर माणसांच्या बाबतीत तुमचंच बरोबर. वाळण्याची परीक्षा पातळ मलमल सहज पास होते. माझा रोख जाड होजिअरीच्या टीशर्टवर आहे, आणि नवरेमंडळी तेच चार कोंबतात.

उत्तरायण

सनस्क्रीनबद्दल. एसपीएफ ३० अतिनील-ब किरणांपैकी सुमारे ९७ टक्के अडवतं आणि ५० सुमारे ९८ टक्के. म्हणजे आकड्यातला फरक दिसतो तेवढा मोठा नाही. खरा फरक किती लावता आणि किती वेळा लावता यात आहे. बाटलीवरचा आकडा कातडीच्या दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम या हिशोबाने काढलेला असतो. मोठ्या माणसाच्या उघड्या अंगाला एका वेळी जवळजवळ ३० मिली लागतं, आणि दर दोन तासांनी, पोहून आल्यावर, अंग पुसल्यावर पुन्हा. म्हणजे १०० मिलीची बाटली एका माणसाला तीन वेळा लावली की रिकामी. चौघांना ती एक दिवससुद्धा पुरणार नाही.

म्हणून सनस्क्रीनवर सगळा भार टाकू नका, कपड्यांवर टाका. पोहण्याच्या पूर्ण बाह्यांच्या टॉपवर यूपीएफ ५० लिहिलेलं असेल तर त्यातून अतिनील किरणांचा पन्नासावा भागच आत जातो. साधा पांढरा पातळ टीशर्ट पाच-सातच्या आसपास असतो आणि ओला झाला की त्याहून उतरतो. मुलीला टीशर्ट घालून पाण्यात सोडलं तरी तिची पाठ भाजते ती यामुळे. असा टॉप घातला की क्रीम चेहरा, मान, कान, हात आणि पावलांपुरतंच लागतं. बाटली कितीतरी जास्त पुरते.

पावलांची वरची बाजू आणि कानांच्या पाळ्या सगळे विसरतात. टोपी चहूबाजूंनी काठ असलेली हवी, क्रिकेटच्या टोपीने मान आणि कान उघडे राहतात. गॉगलवर यूव्ही ४०० असं लिहिलेलं बघून घ्या, नुसती काळी काच कामाची नाही. सहा वर्षांच्या मुलीलाही खराच गॉगल घ्या, खेळण्यातला नको.

शिडाची_होडी

उत्तरायण यांनी सांगितलंच आहे, त्यात समुद्राकडून भर घालते. कुठलंही सनस्क्रीन उचलू नका. प्रवाळांना घातक म्हणून काही रसायनांवर काही ठिकाणी बंदी आहे. पलाऊ या देशाने १ जानेवारी २०२० पासून अशा सनस्क्रीनवर बंदी घातली. हवाईत १ जानेवारी २०२१ पासून ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेली सनस्क्रीन विकायला मनाई आहे. थायलंडने ऑगस्ट २०२१ मध्ये सागरी राष्ट्रीय उद्यानांत चार रसायनं असलेल्या सनस्क्रीनला बंदी केली, त्यात ही दोन्ही आहेत. पुढच्या बाजूला "रीफ सेफ" छापलेलं असतं त्यावर विसंबू नका, बाटली उलटी करून घटक वाचा. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचं घेतलंत तर या तिन्ही ठिकाणी अडचण नाही. चेहऱ्यावर पांढरट थर दिसतो. दिसू दे, मुलांच्या बाबतीत तर फायदाच, कुठे लावायचं राहिलं ते कळतं.

प्रवाळांच्या किनाऱ्यावर चप्पल चालत नाही. रबरी तळाचे, पायात घट्ट बसणारे पाण्यातले बूट घ्या, मुलीला आधी. प्रवाळाने कापलेली जखम दमट हवेत लवकर भरत नाही आणि समुद्री साळिंदराचे काटे पायात मोडतात. उत्तर ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्यांनी साधारण नोव्हेंबर ते मे या काळात जेलीफिशचा विचार करावा, तिथे त्या दिवसांत अंगभर सूट घालूनच पाण्यात उतरतात.

कॉन्टॅक्ट लेन्स लावणाऱ्यांनी चष्मा न्यावाच. लेन्स घालून पोहू नये, पाण्यातल्या अमिबामुळे डोळ्याला गंभीर संसर्ग होऊ शकतो.

आणि ओले कपडे कोंबायला एक जलरोधक पिशवी. बोटीत फोन आणि पासपोर्टही त्यातच राहतात.

रानवारा

किती छान माहिती देताय सगळे! यूपीएफवाले टॉप चौघांना घेते. गावाची उंची बघितली, १,६०० मीटर आहे. जाकिटं बॅगेत गेली.

आता केबिनच्या सात किलोंचं. नवऱ्याने पॉवर बँका, चार्जर, सगळी वायरींची पिशवी चेक-इनमध्ये टाकायची ठरवलंय, वजन वाचेल म्हणून. चालेल ना?

दीपमाळ

नाही चालणार! पॉवर बँक चेक-इन बॅगेत कधीच नाही. सुटी लिथियम बॅटरी केबिनमध्येच न्यायची, हा जगभरचा नियम आहे. तपासणीत सापडली की बॅग उघडतात, आणि कधी कधी बॅग तुमच्याबरोबर विमानात चढतही नाही. कारण साधं आहे: केबिनमध्ये बॅटरीने पेट घेतला तर माणसं विझवू शकतात, खाली सामानाच्या पोटात कोणाला दिसणारही नाही.

मर्यादा वॉट-अवरमध्ये असते. १०० वॉट-अवरपर्यंत चालतं, १०० ते १६० ला कंपनीची आधी परवानगी लागते, त्यावर बंद. बँकेवर फक्त एमएएच लिहिलं असेल तर त्याला ३.७ ने गुणा आणि हजाराने भागा. वीस हजारवाली ७४ येते, म्हणजे बिनधास्त. आकडा पुसलेला असेल तर नेऊ नका, काही विमानतळांवर न वाचता येणारी बँक काढून ठेवतात.

जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियात उड्डाणाआधी एका विमानाला आग लागली आणि संशय पॉवर बँकेवर गेला, तेव्हापासून नियम कडक होत चाललेत. एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून माणशी एकच बँक आणि विमानात ती वापरायची नाही असं केलंय. तुमच्या कंपनीचं पान निघायच्या आठवड्यात वाचा, तिकीट काढताना वाचलेलं तोवर बदललेलं असू शकतं. बँका चौघांत वाटून घ्या, एकाच्याच पिशवीत नकोत.

चार्जर आणि वायरी चेक-इनमध्ये गेल्या तरी हरकत नाही. प्लगचं मात्र बघा. सिंगापूर, मलेशिया, यूएई, केनिया इथे तीन चौकोनी पिनांचा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, फिजीत तिरप्या पिनांचा. अडॅप्टर फक्त पिन जुळवतो, व्होल्टेज बदलत नाही. चार्जरवर १००–२४० छापलेलं असेल तर जगात कुठेही चालतो. केस वाळवायचं यंत्र किंवा इस्त्री बहुधा एकाच व्होल्टेजची असते, ती घरीच ठेवा.

पाणकणीस

सात किलोंत काय असावं ते सांगतो: सगळी औषधं, कागदपत्रं, बॅटऱ्या, चष्मे, आणि प्रत्येकाचा एक पूर्ण जोड पोहण्याच्या कपड्यासकट. चेक-इन बॅग दोन दिवस उशिरा आली तरी मुलगी पाण्यात जाऊ शकते आणि सासूबाईंची गोळी चुकत नाही. चौघांचे कपडे दोन मोठ्या बॅगांत मिसळून भरा. एक बॅग हरवली तरी कोणीच पूर्ण उघडं पडत नाही.

द्रव पदार्थांचं १०० मिलीचं बंधन बऱ्याच विमानतळांवर अजून आहे, आणि ते बाटलीच्या मापाला असतं. २०० मिलीच्या बाटलीत तळाशी चमचाभर सनस्क्रीन उरलं असलं तरी ती जाते. मोठ्या बाटल्या खालच्या बॅगेत.

पासपोर्टची मुदत बघितलीत ना? बरेच देश पोचण्याच्या तारखेपासून सहा महिने शिल्लक मागतात.

सहाणखोड

मी औषधांच्या दुकानात काम करते, त्यामुळे सासूबाईंच्या पिशवीवर थोडं विस्ताराने लिहिते.

इन्सुलिन चेक-इनमध्ये कधीच नको, तिथे ते गोठू शकतं आणि गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वाया गेलेलंच असतं. न उघडलेलं २ ते ८ अंशांत ठेवायचं. उघडलेलं बहुतेक प्रकारांत ३० अंशांच्या खाली साधारण चार आठवडे चालतं, नक्की किती ते त्याच्या कागदावर असतं. तुमच्या बेटावर भर दुपारी ३० च्या वर जाणार, त्यामुळे गार पिशवी लागेल. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. पाण्यात भिजवून वापरायच्या ज्या पिशव्या मिळतात त्या पाणी उडण्यावर चालतात. कोरड्या हवेत त्या उत्तम, दमट हवेत पाणीच उडत नाही, मग गारवा कुठून येणार? तुम्हाला जेल पॅकची उष्णतारोधक पिशवी हवी. पेन आणि जेल यांच्यामध्ये रुमालाची घडी घाला, पेन थेट बर्फाला टेकू देऊ नका. हॉटेलच्या फ्रिजमध्येही मागच्या भिंतीपासून लांब, दाराच्या कप्प्यात. सुया, ग्लुकोमीटर, पट्ट्या दुप्पट घ्या आणि दोघांच्या पिशव्यांत वाटा. पट्ट्यांची डबी घट्ट बंद ठेवा, दमट हवेने आकडा चुकतो.

रक्तदाबाच्या गोळ्यांत लघवी वाढवणारी एखादी आहे का, ते निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. उकाड्यात घाम आणि ती गोळी मिळून शरीरातलं पाणी झपाट्याने कमी होतं, उठताना चक्कर येते. काय करायचं ते त्यांनाच ठरवू द्या, तुम्ही मनाने गोळी बंद करू नका. ओआरएसची पाकिटं न्या, पण मधुमेहात ती सरसकट प्यायची नाहीत, तेही विचारून घ्या. मुलीसाठी जुलाब-उलटीत ती पहिली. मोठं २०.५ ग्रॅमचं पाकीट एक लिटर पाण्यात एकदम कालवायचं. अर्धं पाकीट अंदाजाने पेल्यात घातलं की क्षारांचं प्रमाण बिघडतं.

औषधं मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, औषधाचं मूळ नाव लिहिलेली. ब्रँडचं नाव परदेशात कोणी ओळखत नाही. आणि खोकला-सर्दीच्या साध्या गोळ्याही तपासा. जपानमध्ये १० टक्क्यांहून जास्त स्यूडोएफेड्रिन असलेली औषधं नेता येत नाहीत. यूएईत कोडीन आणि ट्रामाडॉल नियंत्रित आहेत, आधी परवानगी काढावी लागते.

मृगजळ

"काय नेऊ नये" यावर कोणी लिहिलंच नाही अजून.

लष्करी छापाचे कपडे. बार्बाडोस, जमैका, त्रिनिदाद आणि टोबॅगो, सेंट लुसिया इथे सामान्य माणसाने ते घालणं बेकायदा आहे, लहान मुलांनीही. प्लॅस्टिकच्या पिशव्या: केनियात ऑगस्ट २०१७ पासून आणि टांझानियात जून २०१९ पासून बंदी, त्यामुळे चपला कापडी पिशवीत गुंडाळा. ई-सिगारेट सिंगापूर आणि थायलंड दोन्हीकडे बंद. ऑस्ट्रेलियात खाण्याचं आणि लाकडी असं काहीही असेल तर फॉर्मवर लिहा, आणि बुटांच्या तळाला चिखल चिकटलेला असेल तर निघायच्या आधी घासून काढा, तेही बघतात.

सोन्याचे दागिने नकोत. कोरे करकरीत बूट नकोत. उकाड्यात आणि लांबच्या विमानप्रवासात पावलं सुजतात, तेव्हा थोडी सैल, मागे पट्टा असलेली, आधीपासून पायात बसलेली सँडल सगळ्यांत बरी.

खांदे आणि गुडघे झाकणारा एक जोड मात्र प्रत्येकाकडे हवा, पुरुषांकडेही. बँकॉकच्या राजवाड्यात, बऱ्याच मशिदींत आणि देवळांत हाफ पँटवर आत सोडत नाहीत.

रानवारा

चार्जरची पिशवी परत घरात आली आहे आणि नवरा पॉवर बँकेवरचे आकडे वाचत बसलाय. जेल पॅक उद्या आणते, डॉक्टरांची वेळही घेतली. एकच राहिलं, डास. मुलीला चावले की मोठाल्या गांधी उठतात. तिकडे डेंग्यू असतो असं वाचलं.

सहाणखोड

डेंग्यूचा डास दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि संध्याकाळच्या आधी. त्यामुळे रात्रीची मच्छरदाणी एवढ्यावर भागत नाही. मलेरियाचा डास रात्रीचा, त्या भागात जाणार असाल तर प्रतिबंधक गोळ्यांबद्दल त्याच डॉक्टरांना विचारा. डॉक्सिसायक्लिन दिलं तर उन्हाने कातडी लवकर भाजते हे लक्षात ठेवा.

लावायला डीईईटी २० ते ३० टक्के किंवा पिकारिडीन २० टक्के. तुमच्यासाठी मी पिकारिडीन म्हणेन, कारण डीईईटीने प्लॅस्टिक आणि ताणणारं कापड खराब होतं. चष्म्याच्या काड्या, घड्याळ आणि आत्ताच घेतलेले पोहण्याचे टॉप, तिन्ही जातील. आधी सनस्क्रीन, ते वाळलं की वरून हे. दोन्ही एकत्र असलेली क्रीम घेऊ नका: सनस्क्रीन दर दोन तासांनी लावायचं असतं, डासांचं औषध तितक्यांदा लावायचं नसतं. मुलीला स्वतःला लावू देऊ नका. तुमच्या तळहातावर घेऊन तिला लावा, तिच्या बोटांना नको, ती डोळे चोळते.

ताप आला तर फक्त पॅरासिटामॉल, वजनाच्या हिशोबाने. आयबुप्रोफेन आणि अ‍ॅस्पिरिन देऊ नका, डेंग्यूत रक्तस्राव वाढू शकतो. म्हणून मुलीचं पॅरासिटामॉलचं सिरप आणि थर्मामीटर दोन्ही केबिन बॅगेत ठेवा. आणि परतल्यावर कोणालाही ताप आला, अगदी काही महिन्यांनी आला तरी, डॉक्टरांकडे गेल्या गेल्या आधी कुठे जाऊन आलात ते सांगा.